फोटोमागच्या दोन ओळी

१

दुपारची भाकरी झाली की मी बाजेवर पडून मरायचो. रोजचंच होतं ते. त्याशिवाय मला लिहिता येत नसे.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण ही माझी कामाची पद्धत होती. गोष्टीतला माणूस जसा मरतो तसं आधी आपण पडून बघायचं. हात कुठे राहतो, मान कोणीकडे कलते, छपराचा कुठला पत्रा डोळ्यांसमोर राहतो, ते ध्यानात ठेवायचं आणि मग उठून लोखंडी पेटीवर वही टेकवून लिहायचं. औरंगाबादच्या एका मासिकाचे संपादक मला कळवत, 'तुमची मढी फार जिवंत असतात.' असणारच. मुंबईत अकरा वर्षं मी दुसरं केलं काय? भुताच्या सिनेमात एकतर मढं व्हायचं, नाहीतर भूत. सात सिनेमे केले आणि त्यातल्या पाचांत तोंडातून शब्द काढायला मिळाला नाही.

माझं भांडवल म्हणजे श्वास. आमच्या शहागडला गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गंगेच्या डोहात पोरपणी बुड्या मारून मारून मला श्वास धरायची सवय लागली होती. सावकाश मोजलं तर एकशे दहापर्यंत माझी छाती हलत नसे. दिग्दर्शक खूश असत. मेकअपवाला म्हणायचा, "तुला नुसती पावडर लागते, बाकीचं काम देवानं करून ठेवलंय." मी म्हणायचो, देवानं नाही, दुष्काळानं. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं. देव सोडले तसं भूतखेतही सोडलं. पोट मात्र भुतानंच भरलं, याला काय म्हणावं?

पुढे सेटवरच्या धुरानं खोकला जडला, कंपनी बसली, आणि मी गोष्टी लिहायला लागलो. लिहिणं काय, कुठेही बसून करता येतं. म्हणून चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मी घरी आलो. हमरस्त्यामागच्या बौद्धवाड्यात आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजतात. भिंतीवर तीन फोटो होते. एक भगवान बुद्धांचा, एक बाबासाहेबांचा. तिसरा माझा. डोळे मिटलेले, नाकात कापूस, गळ्यात झेंडूचा हार. वरून चौकटीला कागदी फुलांचा आणखी एक हार घातलेला.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. खोकला सोडला तर ठणठणीत.

२

हा फोटो मीच पाठवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकोणसत्तर साली एका सिनेमात कॅमेरा पहिल्यांदा माझ्या चेहऱ्यावर एकट्यावर थांबला. चांगला दीड मिनिट. मी तिरडीवर, कॅमेरा वर, आणि फोटोवाल्यानं त्याच वेळी फोटो काढला. मी मोजत होतो. एकशे दहा झाले, एकशे वीस झाले. दिग्दर्शकानं 'कट' म्हटलेलं मला अजूनही आठवत नाही. म्हटलंच असेल. नंतर मी चहा पिताना आठवतो, म्हणजे उठलो होतो नक्की.

फोटो एवढा झकास आला की वाटलं, मायनं बघायला पाहिजे. तिचा भुजंग केवढ्या मोठ्या कागदावर छापलाय! हिरो लोक करतात तशी मागं झोकात सही ठोकली. दोन ओळी लिहाव्यात असं मनात आलं होतं. पण पाकीट हातात होतं, पोस्ट समोर होतं, शूटिंगची वेळ झाली होती. उद्या सवडीनं पत्र लिहू म्हटलं आणि पाकीट पेटीत टाकलं. तो उद्या पाच वर्षं आला नाही. त्याच महिन्यात मी खोलीही बदलली, आणि तेही कळवलं नाही.

आता इकडची रीत सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की उचलायच्या आधी फोटोवाल्याला बोलावून त्याचा शेवटचा फोटो काढून घेत. पुष्कळांचा तोच पहिला फोटो असे. कापूस, हार, मिटलेले डोळे, मागं नाव. गावात प्रत्येक घरी असा एखादा टांगलेला असतो. मायनं पाकीट फोडलं तेव्हा तिच्या हाताला नेमकं तेच लागलं. माझी धाकटी बहीण नंदा चौथी शिकलेली. तिनं मागचं नाव वाचलं. पत्र शोधायला दोघींनी पाकीट उलटं करून झटकलं. आत काही नव्हतं.

ओळखीच्या ट्रकवाल्यानं मुंबईत माझ्या जुन्या खोलीवर जाऊन विचारलं. तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मग पुण्यानुमोदन झालं, शाळेच्या मास्तरांनी वंदना म्हटली, माझे कपडे वाटून टाकले. पाच-पंचवीस माणसांनी उठून माझे गुण सांगितले म्हणे. मेल्या म्हशीला मणभर दूध!

मी परत आलो त्या दिवशी नंदा दारात तांदूळ निवडत होती. नवरा वारल्यापासून ती मायजवळच असते. मला बघून तिचं सूप पडलं. ती ओरडली, मग जवळ येऊन दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं आणि गळ्यात पडून रडली. सगळा वाडा गोळा झाला. हसले, रडले, शिव्या दिल्या. तेवढ्यात माय बाहेर आली. कपाळावर हात धरून तिनं मला पुष्कळ वेळ न्याहाळलं.

"या पाव्हणं," ती म्हणाली. "लांबून आल्यावानी दिसता. नंदे, पाणी आण गं."

३

मायचं डोकं फिरलं नव्हतं, हे आधी सांगतो. शेळी कधी व्याली, दुष्काळी कामावर खडी फोडताना शेजारी कोण बसायचं, सगळं तिला बिनचूक आठवे. फक्त माझ्यापाशी आली की गाडी थांबायची.

मी काय कमी केलं? गुडघ्यावरचा व्रण दाखवला. बाप, कचरू, गेला तेव्हा मी कुठे लपून बसलो होतो ते सांगितलं. ती शांतपणे ऐकायची.

"त्यानं सांगितलं असंल तुमाला," म्हणायची. "लई बोलका व्हता. दोस्ताला सगळं सांगत असंल."

"माय, मीच भुजंग हाव."

"असं बोलू न्हाई, पाव्हणं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन मस्करी करू न्हाई."

रागावत नसे. उलट मला आधी वाढायची, भाकरीवर तेल जास्त घालायची, उन्हातून आलो की पाय धुवायला पाणी द्यायची. परक्याला करतात तेवढं सगळं करायची. मला नको होता तो पाहुणचार. मला फक्त एकदा तिनं 'भुजंग्या, मेल्या, कुठं उलथला व्हतास' असं म्हणायला हवं होतं. पाच वर्षं मुंबईत ज्याची मला आठवण झाली नव्हती, त्यासाठी आता रोज जीव तुटायचा. अंबडच्या डॉक्टरनं सांगितलं, धक्का बसलाय, वेळ जाऊ द्या.

दोन महिने गेले. एक दिवस मी जेवत असताना ती समोर येऊन बसली.

"पाव्हणं, एक विचारू का? राग न्हाई ना?"

"विचारा," मी म्हणालो. तीही मला अहोजाहो करते म्हणून तोंडातून गेलं.

"त्याच्या शेवटाला तुम्ही जवळ व्हते का?"

नंदानं माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. पण मायच्या तोंडावर जे होतं ते मला बघवेना. पाच वर्षं ती हा प्रश्न घेऊन बसली होती आणि विचारायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, होतो.

मग मी सांगितलं. ताप आला होता, चांगल्या दवाखान्यात ठेवलं होतं, माणसं चांगली होती. तिनं विचारलं, माझं नाव काढलं का? मी म्हणालो, सारखं काढत होता. ती पदरानं डोळे पुसत होती, मान हलवत होती, आणि मला, खरं सांगतो, रंग चढला. अकरा वर्षं मुका राहिलेला नट मी, आणि समोर असा प्रेक्षक. इथं थांबायला हवं होतं.

"शेवटी त्यानं पाणी मागितलं," मी म्हणालो. "मी आणायला गेलो. भांडं घेऊन आलो तर…"

माय एकदम थांबली.

"म्हंजे तान्हेलाच गेला," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवसापासून फोटोखालच्या फळीवर पाण्याचा पेला आला. आम्ही नैवेद्य, पिंड काही करत नाही. नंदानं तिला तसं म्हटलंही.

"नैवद न्हाई गं," माय म्हणाली. "पाणी हाय नुसतं. तहान लागली तर असावं."

सकाळी काठोकाठ भरलेला पेला दुपारी अर्धा व्हायचा. एप्रिल संपत आला होता, पत्रा तव्यासारखा तापायचा. पाणी उडतंच. मी मुद्दाम शेजारी दुसरा पेला भरून ठेवला. संध्याकाळी माझा बोटभर उतरला होता, मायचा तळाला गेला होता. मी मनात म्हटलं, तिचा पेला खिडकीकडे आहे. दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. मग तो प्रयोग सोडून दिला. कशाला सोडला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आणि मग ते दुपारचं. मी नेहमीप्रमाणे बाजेवर पडलो होतो. गोष्टीतला सावकार मरायचा होता. एकशे दहा मोजून श्वास सोडला, उठलो, पेटीपाशी येऊन वही उघडली. बाहेर ट्रक नव्हता, वारा नव्हता. नंदा आणि माय शेळीमागं गेल्या होत्या.

माझ्या पाठीमागं कुणीतरी श्वास सोडला.

तो श्वास मी ओळखतो. झोपलेल्या माणसाचा तसा नसतो, दमलेल्याचाही नसतो. छाती फुटायच्या बेताला आल्यावर, आवाज होऊ नये म्हणून दातांमधून हळूहळू सोडलेला तो श्वास. तसा सोडणारा मुंबईत मी एकच होतो.

वळून पाहिलं. रिकामी बाज. तिची सुतळी मात्र मधोमध खाली दबलेली होती आणि सावकाश वर येत होती. जुनी सुतळी आहे, मी म्हटलं. वजन उठल्यावर सरळ व्हायला वेळ घेते. हेही खरं होतं. पण मी उठून वही उघडली, दौत हलवली, पहिली ओळ लिहिली, एवढा वेळ?

त्या दिवसापासून मी लिहायला ओट्यावर बसू लागलो. श्वास दुपारी रोज यायचा. एकदा आतून तो ऐकू आला तशी मी मोजायला सुरुवात केली. दोन श्वासांच्या मधे बरोबर एकशे वीस भरले.

५

मेमध्ये मायला ताप आला आणि उतरेना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जपा. ती झोपून असायची, डोळे फोटोवर. पाणी पिताना निम्मं पेल्यात ठेवायची आणि म्हणायची, "हे त्याला ठिवा."

मला एकच ध्यास लागला. ही मला न ओळखता जाणार. मी जिवंत असताना माझ्या नावानं रडत जाणार, आणि मी शेजारी पाहुणा म्हणून उभा राहणार.

तेव्हा ती कल्पना आली. नटाला यायची तशीच आली. मायला जो भुजंग माहीत आहे, तोच तिला दाखवायचा. तिनं एकदा मला ओळखलं, माझ्या अंगावर हात ठेवला, की मी डोळे उघडीन. मग ती कुठे जाईल?

नंदाला सांगितलं तर ती उठूनच उभी राहिली.

"दादा, तू काहून असं करून राह्यला? बिलकुल न्हाई. जित्या माणसानं असं पडू न्हाई."

"आपण असलं मानतो का?"

"मानत न्हाई," ती म्हणाली. "पण मला भ्याव वाटून राह्यलं."

"नंदे, तिनं एकदा मला हाक मारली पाहिजे गं."

नंदा रडायला लागली. मग तिनंच आतून कापूस आणून दिला.

६

दुपारचे दोन वाजले असतील. चुलीतली राख आणि खडू खलून मी तोंडाला लावलं. नाकात कापूस घातला. फोटोवरचा कागदी हार काढून गळ्यात घेतला. बाजेवर पडून मान डावीकडे कलती केली, फोटोत आहे तशी. पापण्यांमध्ये केसभर फट ठेवली. ती कॅमेऱ्याला दिसत नाही.

नंदा मायला धरून घेऊन आली. "माय, भुजंगदादाला आणलंय."

मी मोजायला लागलो.

माय बाजेजवळ खाली बसली. पंधरा, सोळा. तिचा हात माझ्या कपाळावर आला. तापलेला, खडी फोडून घट्टे पडलेला.

"भुजंग्या," ती म्हणाली. "आलास व्हय रे?"

ती हाक ऐकली आणि मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण ती रडायला लागली. पाच वर्षांत नंदानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिच्यापुढं तेव्हा फोटोच होता, प्रेत नव्हतं. कुणाच्या गळ्याशी पडून रडणार होती? ती आता रडत होती आणि माझे केस मागं सारत होती. मी तिला मधेच तोडू शकलो नाही. साठ, एकसष्ट.

"दोन वळी तर लिहायच्या रे बाळा. दुखणं हाय म्हणून. मी चालत आले असते. गंगंला पूर असता तरी आले असते."

नव्वद. तिनं पेल्यात बोटं बुडवली आणि माझ्या ओठांवरून फिरवली. "पी. तान्हेला गेलास न्हाई का? पी."

एकशे दहा. एकशे वीस. पाणी ओठांतून आत गेलं, ठसका लागला आणि मी धडपडून उठून उभा राहिलो. कापूस ओढून काढला.

"माय! बघ, मीच हाव! जिता हाव!"

तिनं वर पाहिलं. तिच्या तोंडावर कधी नव्हे एवढं समाधान होतं.

"हळू बोला, पाव्हणं," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तिचा हात थांबला नव्हता. बाजेच्या वर, माझं कपाळ होतं तेवढ्याच उंचीवर, तो मागं-पुढं फिरत होता. मी गळ्याला हात लावला. हार माझ्या गळ्यात नव्हता. दारात उभी असलेली नंदा माझ्याकडे बघत नव्हती, बाजेकडे बघत होती.

मीही खाली पाहिलं. सुतळी दबलेली होती आणि वर येत नव्हती. हार तिथंच होता, सपाट पडलेला नव्हता. एखाद्या छातीवरून दोन्हीकडे उतरावा तसा होता.

हाराच्या वर मी पाहिलं नाही.

मग तो श्वास आला. दातांमधून, हळूहळू, खूप वेळ. हार थोडासा खाली बसला.

७

माय चौथ्या दिवशी गेली. त्या चार दिवसांत ताप उतरला होता आणि ती बाजेच्या कडेला खाली अंथरूण घालून, एक हात वर ठेवून झोपायची. नंदाला काय दिसलं ते मी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

जाण्याआधी थोडा वेळ मायनं मला जवळ बोलावलं. माझा हात धरला.

"पाव्हणं, तुमच्यामुळं लेकरू घरी आलं. लई उपकार झाले."

मी दुसऱ्या हातानं तिची उशी सारखी केली.

"आता तुम्ही बी घरी जावा. तुमची माय वाट बघत असंल. तिला माझा जयभीम सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

तिचा श्वास थांबला त्या घटकेला बाजेवरचाही थांबला. तो पुन्हा आला नाही. पेल्यातलं पाणी आता जेवढं उन्हानं उडावं तेवढंच उडतं.

तिचा शेवटचा फोटो आम्ही काढला नाही. पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. मी पेटीपाशी बसून माझा फोटो भिंतीवरून उतरवला. मागं ती झोकदार सही होती आणि खाली चिक्कार जागा कोरी होती. मी श्वास धरला आणि लिहायला लागलो.

'माय, हा सिनेमातला फोटो आहे, घाबरू नको. मी इथं खुशाल आहे, दिवाळीला येतो.'

मोजत होतो, सवयच ती. दोन ओळी लिहून झाल्या तेव्हा चाळीस झाले होते.